वाटीचे तीस ग्रॅम

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, मला तोंड नाही. आकडे दाखवायची एक काचेची पट्टी तेवढी आहे. तोंड असतं, तर एका मुलीला चोर ठरवलं जात असताना मी गप्प बसलो नसतो.

माझी पहिली बारा वर्षं लखनऊच्या एका संशोधन संस्थेत गेली. ग्रॅमचा दहावा भागही मी अचूक सांगत असे. विद्यार्थी माझ्यासमोर श्वास रोखून उभे राहत, कारण फुंकरीनेही माझा आकडा हलत असे. पुढे नवं यंत्र आलं आणि मी निकामी साहित्याच्या यादीत जाऊन पडलो. दीड वर्ष फुटक्या चंचुपात्रांशेजारी धूळ खाल्ली. मग देवदत्त नावाच्या शास्त्रज्ञाने रीतसर सही करून मला संस्थेच्या वसाहतीतल्या आपल्या घरी आणलं.

त्याला माझी गरज होती ती मुलीसाठी. स्वरदा तेव्हा दोन वर्षांची होती. तिच्या शरीराला प्रथिनांतला एक घटक मोडता येत नाही. तो रक्तात साचत गेला की मेंदूला इजा होते. त्यामुळे दूध, डाळ, पनीर, शेंगदाणे, खवा सगळं बंद. भात आणि पोळी मोजून. साखर, तूप आणि साबुदाणा मात्र चालतो. म्हणजे तिच्या ताटातला प्रत्येक घास आधी माझ्या ताटलीतून जायचा. पुरे की नाही, हे मी सांगायचं. बोलायला लागल्यावर तिने माझं नाव 'खडूस' ठेवलं. मला राग आला नाही. मी तसाच होतो.

यंदा ती सात वर्षांची झाली. वसाहतीत दिवाळीच्या संध्याकाळी मुलं थाळी घेऊन घरोघर जातात आणि प्रत्येक घर थाळीत एक मिठाई ठेवतं. बर्फी, पेढे, लाडू, सगळी दुधाची नाहीतर बेसनाची. दरवर्षी स्वरदा गॅलरीतून बघायची. यंदा तिच्या आईला, पद्मिनीला, एक युक्ती सुचली. लखनऊला दिवाळीच्या पूजेत साखरेची खेळणी मांडतात: हत्ती, घोडे, मोर. आपल्या गुढीपाडव्याच्या गाठींसारखी, निव्वळ साखर. इतर मुलं ती अर्धी चाटून फेकून देतात. पद्मिनीने पाच घरांत एकेक डबी आधीच नेऊन दिली. "स्वरदा आली, की तिच्या थाळीत यातलं घाला." त्या दिवसापासून स्वरदा बोटांवर मोजू लागली. समोरच्या विभा आंटींकडे हत्ती, नीलम आंटींकडे मोर.

आता माझ्या अपराधाकडे येतो.

गणपतीनंतर देवदत्तने मला प्रमाणित केलं. रिकामी ताटली ठेवून शून्य लावायचं, मग दोनशे ग्रॅमचं प्रमाण वजन ठेवून 'हे दोनशे' असं मला शिकवायचं. तो फार काळजी घेणारा माणूस. स्वयंपाकघरातलं तेल वजनाला लागू नये, म्हणून त्याने ते चिमट्याने उचलून एका स्टीलच्या वाटीत ठेवलं आणि वाटी माझ्यावर ठेवली. वाटी तीस ग्रॅमची. दोनशे तीस ग्रॅमला तो मला दोनशे म्हणायला शिकवत होता. मला ते जाणवत होतं. पण काट्याला जे शिकवतात तेच तो म्हणतो. त्या दिवसापासून मी पन्नास ग्रॅम भात म्हणालो, की स्वरदाच्या पोटात साडेसत्तावन्न जायचा.

पाच आठवड्यांनी रक्ताचा अहवाल आला. घटक खूप वाढला होता.

"कुठे खाल्लंस?" देवदत्तने विचारलं. आवाज चढला नव्हता. तेच भयंकर होतं.

"नहीं खाया बाबा. सच्ची."

"मराठीत बोल. आणि खरं बोल."

"नाही खाल्लं."

"घरातला प्रत्येक दाणा मोजलेला आहे, स्वरदा. मग हा आकडा आला कुठून? आकडा खोटं बोलत नाही."

असं तीन दिवस चाललं. जेवताना, अभ्यासाला बसताना, वेणी घालताना. पद्मिनी एकदा म्हणाली, "अहो, काटा एकदा बघाल का?" तो म्हणाला, "आत्ताच तर प्रमाणित केलाय मी." चौथ्या दिवशी त्याने वेगळी भाषा काढली. "खरं सांगितलंस, तर दिवाळीत थाळी घेऊन जायला मिळेल."

स्वरदाने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "विभा आंटी के यहाँ बर्फी खाई थी. दो."

मित्रांनो, ती साफ खोटं बोलली. आणि शब्द मोडला तो बापाने. जी मुलगी लपून खाते तिला पाच घरं एकटीने फिरू द्यायची नाही, असं ठरलं. पद्मिनी पाचही डब्या परत घेऊन आली. विभाच्या दारात शब्दाने शब्द वाढला, तो मला ओट्यावरून ऐकू आला. "मैंने बच्ची को ज़हर खिलाया, यही कह रही हैं न आप? आपकी बेटी झूठी है, भाभी!"

दिवाळीच्या सकाळी पद्मिनीने पूजेसाठी निशातगंजच्या बाजारातून पाव किलो साखरेची खेळणी आणली. स्वरदाने सहज पिशवी माझ्यावर ठेवली. मी म्हणालो, दोनशे सतरा.

"ठकवलं," देवदत्त उसळला. त्याने पिशवी घेतली, मला कापडात गुंडाळलं आणि स्वरदाला स्कूटरवर पुढे उभं केलं. चोरी कशी पकडतात हे तिला दाखवायचं होतं त्याला.

दुकानदाराचं नाव जगदीश. त्याने मला पाहिलं आणि हसायलाच लागला. "साहब, दिवाली के दिन अपनी मशीन लेकर बाज़ार कौन आता है?"

"तौलो."

जगदीशने पिशवी आपल्या तराजूत टाकली. समोर दोनशे आणि पन्नासची लोखंडी वजनं. दांडी सरळ राहिली. मग त्याने तीच वजनं उचलून माझ्यावर ठेवली. मी म्हणालो, दोनशे सतरा.

"हमारे बाट पर सरकारी मुहर है. आपकी मशीन पर किसकी है?"

ओठ हलवत देवदत्तने मनातल्या मनात भागाकार केला. मग फक्त म्हणाला, "वाटी."

"वाटी काय?" स्वरदाने विचारलं. त्याने तिथेच रस्त्यावर उकिडवं बसून सगळं सांगितलं.

"तो मैंने सच में नहीं खाई थी?"

ती विचारत होती, मित्रांनो. तिला स्वतःलाच खात्री उरली नव्हती.

घरी येऊन त्याने वाटी न ठेवता मला पुन्हा प्रमाणित केलं. विभाकडे जाऊन माफी मागायला हवी होती. "पूजा झाली की जातो," तो म्हणाला. खरं म्हणजे त्याला लाज वाटत होती. आणि उशीर नको म्हणून मुलीला थाळी देऊन आधी पाठवलं. परत आणलेल्या डब्या कुणालाच आठवल्या नाहीत.

समोरचं दार उघडलं. "अच्छा! आज क्या इल्ज़ाम लाई हो?" विभा आंटींचा आवाज आला. "डिब्बी तो तुम्हारी मम्मी ले गईं. लो, यह बर्फी लो. अब सच में खा लेना."

बाकीच्या चार घरी स्वरदा गेलीच नाही. ती सरळ स्वयंपाकघरात आली, स्टुलावर चढली आणि बर्फी माझ्यावर ठेवली. मी म्हणालो, बेचाळीस.

"बाबा, लिहून ठेवा. बेचाळीस. पूरी है. नंतर मला विचारायचं नाही."

देवदत्तने ती बर्फी बशीत घेतली आणि चप्पल न घालताच समोरच्या दाराकडे गेला. पद्मिनीने परत आणलेल्या डबीतून साखरेचा हत्ती काढून तिच्यापुढे धरला. स्वरदाने त्याची सोंड मोडली, पण खाल्ली नाही.

आता घरात शिक्क्याचं लोखंडी वजन आहे. रोज सकाळी स्वरदा ते आधी माझ्यावर ठेवते. "बोल, खडूस." मी दोनशे म्हणतो. ती बापाला हाक मारून आकडा बघायला लावते, मगच भात वाढून घेते.

मित्रांनो, मला धुळीपासून आणि ओलीपासून जपा. पण माझा आकडा आणि एखाद्या मुलाचा शब्द जुळत नसेल, तर आधी मला तपासा. मला पुन्हा प्रमाणित करायला दोन मिनिटं लागली. तिने मोडलेली ती सोंड अजून डबीत तशीच आहे.