पांढऱ्या कानाची नोंद

रुहामाबाई शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाल्या, पण हजेरी घ्यायची खोड काही गेली नाही. पूर्वी मुलांची घ्यायच्या, आता इस्रायली सैन्याची घेतात. आठवड्यातून तीनदा त्यांची मैत्रीण यफा तेल अवीवहून गाडी काढते आणि सहाच्या आत दोघी सैन्याने घातलेल्या कुंपणातल्या शेतफाटकासमोर हजर. फाटकाच्या अलीकडे पॅलेस्टिनी गाव, पलीकडे त्याच गावाची ऑलिव्हची झाडं. फाटक उघडायची वेळ सव्वासहा. बाई पाच वर्षं निळ्या वहीत लिहीत होत्या आणि फाटक सव्वासहाला उघडल्याची नोंद त्यात एकदाही नव्हती; बहुतेक दिवशी तर ते उघडतच नसे.

"आजी, आज काय लिहिलंत माझ्याबद्दल?" जीपमधून जांभई देत उतरणारा सैनिक विचारायचा.

"बावीस मिनिटं उशीर."

"साहेबांना दाखवा ना. शिक्षा म्हणून घरी तरी पाठवतील!"

वहीचा एक नियम होता, आणि तो बाईंनीच फाटकांवर नजर ठेवणाऱ्या बायकांच्या बैठकीत भांडून मंजूर करून घेतला होता. गावकऱ्यांची नावं लिहायची नाहीत, चेहऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत. उद्या वही भलत्याच्या हाती लागली तर बिचाऱ्यांना त्रास नको. त्यामुळे वहीत माणसं होती ती अशी: निळ्या रुमालाची आजी, खोकणारा मास्तर, पांढऱ्या कानाच्या गाढवाचा म्हातारा. या नियमाचा बाईंना फार अभिमान होता.

गाढवाचा म्हातारा म्हणजे अबू गालिब, गालिबचा बाप; सगळे त्याला मुलाच्या नावानेच ओळखायचे. तेल अवीवच्या इमारतींत तीस वर्षं फरश्या बसवल्यामुळे त्याची हिब्रू बाईंच्या नातवापेक्षा शुद्ध. रोज थर्मासातून मरमियाची सुगंधी पानं घातलेला चहा आणायचा, दोघींसाठी काचेचे ग्लाससुद्धा. फाटक उघडो न उघडो, चहा वेळेवर.

सप्टेंबरात तो चहा न ओतता नुसताच कागद घेऊन आला. फाटकापलीकडे जायच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं होतं. वर्षभरात तो फक्त अकरा वेळा पलीकडे गेला, म्हणजे त्याला जमिनीची गरज नाही, असं कागदात होतं.

"रोज येतो मी, बाई. फाटक उघडलं नाही तर मी काय कुंपणावरून उडी मारू? त्यांचं यंत्र फक्त पलीकडे गेलेला माणूस मोजतं. उभा राहिलेला नाही." तो कागदाची घडी घालत, उलगडत राहिला. "बाबांनी लावलेली बेचाळीस झाडं आहेत. तीन आठवड्यांत फळं उतरवायची. आणि पडीक दिसली की जमीन सरकारजमा होते, तुम्हाला माहीत आहे."

बाईंचे डोळे चमकले. या क्षणासाठीच तर पाच वर्षं लिहिलं होतं!

"उभा राहिलेला माणूस मी मोजलाय, अबू गालिब. चला!"

परवाना कचेरीतल्या तरुण अधिकारीणबाईंनी वही खरोखरच वाचली. पाच वर्षांत ती वाचणारी ही पहिलीच. रुहामाबाईंना भरून आलं.

"अक्षर फार सुरेख आहे," अधिकारीण म्हणाली. "गेल्या वर्षभरात पांढऱ्या कानाचं गाढव फाटकावर एकशे सदतीस वेळा. फोटोही आहेत. कान स्पष्ट दिसतोय."

"बघा! आणि सोबत हे."

"सोबत एक म्हातारा आहे. कोण म्हातारा?"

"हेच की! समोर उभे आहेत!"

"इथे तसं लिहिलेलं नाही, मॅडम. फोटोत मानेच्या वरचं काही नाही. म्हातारे पुष्कळ असतात. पुराव्यात जे आहे त्यावर मी शिफारस करू शकते."

तिने केली. आठ दिवसांनी उत्तर आलं. गाढव, करडं, डावा कान पांढरा, शेतीकामासाठी ये-जा मंजूर, मुदत दोन वर्षं. सोबतच्या व्यक्तीचा अर्ज पुराव्याअभावी नामंजूर.

यफा हसता हसता रडायला लागली. बाईंना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटक सात वाजून चार मिनिटांनी उघडलं. सैनिकाने कागद वाचला, वाकून कान तपासला आणि गाढवाला वाट दिली. अबू गालिबपुढे मात्र हात आडवा केला. गाढव थोडं थांबलं, मागे वळून पाहिलं, मग रोजच्या सवयीने रिकाम्या टोपल्या हलवत एकटंच चढणीला लागलं. सैनिक आधी खिदळला. मग त्याने मान दुसरीकडे वळवली.

"थेट मोठ्या झाडाखाली जाऊन उभं राहील," अबू गालिब कुंपणाची तार धरून म्हणाला. "माझी वाट बघत."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. आयुष्यात त्या हे वाक्य फारसं बोलल्या नव्हत्या. "तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून नाव—"

"आता कमी होतोय का?" त्याने थर्मास उघडला, दोन ग्लास भरले, एक बाईंच्या हातात दिला. "वही काढा, बाई. फायेझ महमूद सुबैह. नीट लिहा."

लाज वाटून बाईंचं सुरेख अक्षर त्या दिवशी वाकडंतिकडं आलं. लिहून झाल्यावर, चूक राहू नये म्हणून, त्यांनी वर्गात वाचायच्या तसं ते मोठ्याने वाचलं.

"फायेझ महमूद सुबैह."

चढणीवरच्या पांढऱ्या कानावरची नजर न काढता तो म्हणाला, "हजर, बाई."