पिल्लाचं रडणं

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला अनुपमाने शिकवलं. त्याआधी मी तिला पुष्कळ काही शिकवलं होतं.

सत्त्याऐंशी साली अंधेरीच्या एका स्टुडिओत परदेशी कार्टूनचं इंग्रजी डबिंग चालायचं. त्यातलं कोल्ह्याचं पिल्लू मी. मुलुंडच्या मराठी शाळेत शिकलेली, गिरणी कामगाराची मुलगी सुलक्षणा टीव्हीवर इंग्रजी बोलणार होती! डबिंग करून घेणारे नाना म्हणायचे, पिल्लाचा जीव तुझ्या आवाजात आहे. अनुपमा माझी मैत्रीण, कॉन्व्हेंटातली. तिला तिथे मीच नेलं. तिच्या वाट्याला कोंबड्या आणि एक म्हातारी घूस आली.

सव्वीस भागांचं रेकॉर्डिंग झालं आणि ती मला दर रविवारी घाटकोपरला घरी बोलवू लागली. पिल्लाची वाक्यं म्हणून दाखव, श्वास कुठे घेतेस ते सांग, ओठ मिटताना काय करतेस? पुढे मोठं काम मिळालं तर उपयोगी पडेल म्हणायची. मी मूर्ख, तिच्या हातची साबुदाण्याची खिचडी खात अख्खं पिल्लू तिला देऊन बसले.

दिवाळीच्या सुट्टीत मालिका लागली. सोसायटीत रंगीत टीव्ही फक्त जयवंतकाकांकडे, म्हणून सगळे तिथे जमले. मी आठवडाभर दवंडी पिटली होती. आई घडीची साडी नेसून पुढेच बसलेली. पिल्लाने तोंड उघडलं आणि आतून अनुपमा बोलली. श्वास माझे, थांबणं माझं, आवाज तिचा. कुणीतरी म्हणालं, तुझा वाटत नाही गं. इंग्रजीत मी वेगळीच वाटते, असं मीच सांगितलं. लाजेने खोटं बोलले.

मग कोल्हीण सापळ्यात अडकली आणि पिल्लू रडलं. आईने माझा हात धरला. "ही तू," ती म्हणाली. रडणं तेवढं माझं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ गाठला. नाना काचेपलीकडून वर बघेनात. अनुपमा बाहेर आली आणि भराभर बोलून मोकळी झाली. नानांना माझं इंग्रजी मुलुंडचं वाटलं, म्हणून पिल्लू पुन्हा रेकॉर्ड केलं; तिने नाही म्हटलं असतं तर दुसरी कुणी आली असती.

"रविवारी मला बोलवायचीस, तेव्हा हे ठरलं होतं?"

ती चपलेचा पट्टा सारखा करायला वाकली. काम गेल्याचं दुःख होतंच, पण तिने ते माझ्याच तोंडून काढून घेतलं, वर खिचडी वाढत, हे मला जास्त लागलं. त्यापेक्षा नानांनी तोंडावर हाकललं असतं तर बरं.

"ऐक ना," ती म्हणाली, "दुसरी मालिका येतेय. नाना तुला बोलवतायत. फक्त रडायचंय. मला ते जमत नाही गं. आणि रडायला कुठे इंग्रजी लागतं?"

"मग सोपं आहे. तू रड."

मी निघाले. बस स्टॉप चांगला दहा मिनिटांवर होता. रडू येत होतं, पण स्टुडिओच्या इतक्या जवळ मी ते बाहेर पडू दिलं नाही.