काचेवरचं नाव

"लेस्टर, डोरीनचा फोन! परत!" कमरेच्या वॉकीटॉकीतून खालच्या खोलीत आकडे बघत बसलेला सहकारी नेट ओरडला.

लेस्टरने उत्तर दिलं नाही. देणार कसं? अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उत्कियाग्विक गावाबाहेरच्या हवामान केंद्रात, उंच मचाणावर वाकून तो यंत्राचा काचेचा घुमट मऊ ब्रशने झाडत होता. त्या वेळी तोंड उघडायचं नाही आणि नाकानेही श्वास सोडायचा नाही, हा या कामाचा पहिला धडा. हे यंत्र आभाळातून जमिनीकडे येणारी ऊब मोजतं. निरभ्र आभाळातून ती थोडी येते, ढगांतून जास्त. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडीच. अशा थंडीत श्वास काचेवर पडला, की तिथल्या तिथे गोठतो. मग यंत्राला वाटतं, आभाळाने गोधडी ओढली.

कित्येक वर्षं लेस्टर असा श्वास धरून काच पुसत आला होता. "घरीसुद्धा काच पुसत असल्यासारखाच बसतोस," असं बायको त्याला चिडवायची. नोव्हेंबरात ती गेली आणि त्याच आठवड्यात सूर्यही दोन महिन्यांसाठी बुडाला. तेव्हापासून तिचं नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

सूर्य आज दुपारी परत यायचा होता. घुमटाशेजारच्या दांड्याने मात्र त्याची पाठ कधीच सोडली नव्हती. उन्हाचा थेट चटका उबेच्या मोजणीत मिसळू नये म्हणून दांड्याच्या टोकाला एक काळी चकती असते. तिची सावली काचेवर पडायला हवी. सगळ्या काळोखभर तो दांडा क्षितिजाखालच्या सूर्याच्या मागे रोज मुकाट फिरत राहिला होता.

खाली गाडी थांबली. त्याची मुलगी डोरीन उतरली. तिच्या पार्क्यात, त्या जाड केसाळ कोटाच्या आत, पाठीशी बांधलेलं बाळ टाहो फोडत होतं.

"फोन घेत नाही म्हणून आले," ती वर बघून म्हणाली. "थोड्या वेळाने आमचं अँकरेजचं विमान आहे, आपा."

"काच पुसून व्हायचीय."

"काच काय पळून जातेय? हिला आधी नाव द्या."

गेलेल्या माणसाचं नाव तान्ह्याला द्यायचं, ही त्यांची रीत. नावामागोमाग नातंही येतं. मग डोरीनने आपल्याच लेकीला 'आका', म्हणजे आई, म्हणायचं. आणि लेस्टरने तिला बायको समजून हाक मारायची. पण ते नाव घरच्या वडीलधाऱ्याने स्वतःच्या तोंडाने द्यावं लागतं.

"दुसरं ठेव ना कुठलंही," लेस्टर म्हणाला. "नावांचा काय दुष्काळ पडलाय?"

"जन्मल्यापासून रडतेय. मावशी म्हणते, नाव मागतेय ती."

"तुझ्या मावशीला कॅरिबू हरीण शिंकलं तरी वाटतं, नाव मागतंय."

डोरीन हसली, आणि हसता हसताच तिने हातमोज्याने डोळे पुसले. "नाव दिलं की आका खरंच गेली, असं वाटतं ना तुम्हाला? पण आपा, तुम्ही तिला बाहेर उभं करून ठेवलंय. या असल्या थंडीत."

 घुमटाच्या कडेला थोडं हिम उरलं होतं. लेस्टरने छातीभर श्वास घेतला, धरला आणि वाकला. खाली बाळ रडतच होतं. श्वास धरणं हे त्याच्या हातचं काम. पण आज काही केल्या तो धरवेना.

"मासाक," तो म्हणाला.

काचेवर पांढरी साय धरली.

"लेस्टर!" वॉकीटॉकी खरखरला. "इथे पडद्यावर एकदम आभाळ भरून आलंय! ढग आलेत का रे वर?"

लेस्टरने मान वर केली. "एकही नाही."

"मग केलंस काय?"

"बोललो."

 "तू?"

लेस्टरने काच पुन्हा स्वच्छ पुसली. या वेळी श्वास निमूट थांबला. मग तो शिडीवरून खाली आला आणि डोरीनच्या टोपीची केसाळ कड त्याने हलकेच बाजूला केली. आत लालबुंद, सुरकुतलेलं तोंड आ वासून रडत होतं.

"आलीस का?" तो म्हणाला. "किती हा उशीर! आणि साखरेचा डबा कुठे ठेवून गेलीस? अजून सापडलेला नाही मला."

मासाकने आणखी वरचा सूर लावला.

"बघ," लेस्टर डोरीनला म्हणाला, "पहिल्यापासून अशीच. मी तोंड उघडलं की हिचं सुरू."

"आका," डोरीन खांद्यावरून मागे वळून म्हणाली, "बोलू दे की गं त्यांना."

दक्षिणेला बर्फाची कड तांबूस झाली आणि तिच्यावर एक बारीक, झळझळीत रेघ उगवली. वर मचाणावर, नुकत्याच पुसलेल्या काचेच्या बरोबर मधोमध, चकतीची फिकट गोल सावली येऊन टेकली.