जूनमध्ये पेरलेले ओट

जोलीनने मचाणाची शिडी घट्ट धरली आणि बाबांना आधी वर चढू दिलं. त्यांच्या खांद्यावर बंदूक, गुडघे कुरकुरणारे. तिचा जीव मात्र मुठीत होता.

आज हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. या दिवशी विस्कॉन्सिनमधल्या म्हाताऱ्याला 'घरी बसा' म्हणणं म्हणजे त्याला जिवंतपणी पुरणं. गेल्या वर्षी झुडपात काहीतरी हललं म्हणून बाबांनी गोळी झाडली होती. ती जोलीनच्या शिकाऱ्यांच्या भगव्या टोपीशेजारी बर्च झाडाच्या बुंध्यात घुसली. 'हरीण हुकलं,' असं तिनेच घरी सांगितलं. आणि आज समोरच्या रानात तिचा भाऊ कर्ट उतरला होता.

मचाणापुढचा तुकडा हरणांसाठीच राखलेला. तिथे बाबा दरवर्षी ऑगस्टअखेरीस ओट हे गव्हासारखं धान्य पेरायचे, म्हणजे नोव्हेंबरात रान ओकंबोकं झालं की कोवळ्या पाल्यावर हरणं तुटून पडतात. यंदा बाबांच्या गुडघ्यांमुळे पेरणी जोलीनवर आली. तिने ती जूनमध्येच उरकली. ओट पिकले, दाणे पाखरांनी नेले, मागे राहिला कोरडा पेंढा. त्याच्याकडे हरीण ढुंकूनही पाहणार नव्हतं. हरीण नाही तर गोळी नाही, एवढंच तिचं गणित.

वर बसल्यावर तिला ते गणित कच्चं वाटू लागलं. हरीण दिसलं नाही की बाबा उतावीळ होत, आणि उतावीळ माणसाला कशातही शिंगं दिसतात.

उजाडू लागलं. तिच्या बुटाला चिकटलेली काडी बाबांनी काढली, दातांत धरली, चावली.

"गधडे, हे ओट आहेत की झाडू? पेरलेस कधी?"

"वेळेवरच, बाबा."

"खोटं बोलताना तुझी आईपण अशीच खाली बघायची."

बाबा काडी चघळत राहिले.

इतक्यात रानाच्या कडेला फांद्या हलल्या. बाबांनी बंदूक उचलली. जोलीनने त्यांची बाही पकडली.

बाबांनी बंदूक उघडली, गोळ्या एकेक करून काढल्या आणि तिच्या मांडीवर ठेवल्या.

"असल्या पेंढ्यात हरीण कशाला येईल?" ते म्हणाले. "कर्टच असणार. मला तर सगळं धुरकटच दिसतंय. तू हात कर त्याला."

तिने हात वर केला.

पलीकडून कर्टनेही हात केला.