मागच्या सीटखालचा आवाज

“माय, उतर खाली. ढकला लागते.”

मागच्या सीटवरून मी उतरले. मे महिन्याचं ऊन, मारेगावचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि माझा मुलगा राजदीप स्वतःच्या गॅरेजसमोर स्वतःचीच गाडी ढकलत होता. बाबाराव आपली गाडी कामाला द्यायला आला होता, तो कमरेवर हात ठेवून पाहत राहिला.

“काहो मिस्त्री, तुमची गाडी बी रुसते काय?”

“गरम झाली का थोडं नाटक करते,” राजदीप हसला.

“मंग पह्यले तिचं नाटक मिटवा. माही नेतो मी वणीले.”

“ने ना बाप्पा, ने!” मी त्याच्या पाठीवर ओरडले. “घरचा पंखा बिघडला तं सालभर वारा घालत बसते, अन् निघाला मिस्त्री पारखाले!”

बाबाराव गेला. त्या महिन्यात असा गेलेला तो तिसरा. राजदीपने तोंड पुसलं आणि बोनेट उघडलं. मी सावलीत जाऊन बसले. त्याचं नाव जात होतं आणि ते वाचवणं माझ्या हातात होतं, कारण गाडीला काय झालंय हे मला ठाऊक होतं.

गाडी वीस वर्षं जुनी. कार्बोरेटर नाही, पेट्रोल फवारणारी, आत कॉम्प्युटरचा डबा असलेली. सकाळी थंड असली की एका चावीत सुरू. पण चांगली धावून तापली आणि पाव तास कुठे थांबली, की स्टार्टर नुसता फिरायचा, गाडी उठायची नाही. तासाभराने पुन्हा शहाणी. राजदीपने प्लग काढून हुंगले, कोरडे निघाले. म्हणजे पेट्रोल जास्तीचं होत नव्हतं. इंजिन किती तापलं ते कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर बदलला. दुसऱ्या एका सेन्सरवर ओलं फडकं ठेवून पाहिलं. काही फरक नाही.

आणि हे सगळं करताना शेजारी दीपा, माझी सून. बी.ए. झालेली. हातात मोबाइल, त्यातून वाचून सांगणार, “अहो, इथं असं लिहून हाये.” एका बोनेटखाली दोन डोकी. मध्ये हवा जायला जागा नाही.

त्याच्या शेजारची ती जागा माझी होती. राजदीपचा बाप भीमराज लवकर गेला. पोराने गॅरेज टाकलं तेव्हा पाने द्यायला मीच बसायची. दुसरीत शाळा सुटली माझी, अक्षरं सगळी विसरले, पण पान्यावरचा आकडा वाचते. तो “बारा-तेरा” म्हणायच्या आत पाना त्याच्या हातात. लग्नानंतर महिनाभराने तो म्हणाला, “माय, तू बस आता. दीपा देते.” मायेनेच म्हणाला. रागावून म्हणाला असता तर चाललं असतं, भांडले असते. मायेशी काय भांडणार? पान्यांमागून गाडीतली पुढची सीटही गेली. मी मागे.

पण मागे बसणाऱ्याला मागचं कळतं. गाडी बंद केली की माझ्या सीटखाली गुळगुळ गुळगुळ व्हायचं. पुन्हा चावी फिरवली की तिथलीच मोटर गूं करायची, पण आवाज बारीक, पोकळ. सकाळी तोच आवाज भरून यायचा. मी जन्मभर हापशी मारली आहे. तिच्यातला चामडी वायसर गेला की पाणी नळीतून खाली उतरतं, मग दहा-वीस दांडे मारल्याशिवाय वर चढत नाही. हे तसंच होतं. पेट्रोलच खाली उतरून जात होतं. दोघं पुढे डोकी घालून बसले होते आणि दुखणं माझ्या बुडाखाली होतं.

का नाही सांगितलं? कारण त्याने विचारलं नाही. एकदा मागे वळून म्हणायला हवं होतं, “माय, तुले काय वाटते?” एवढंच. दोन महिने मी वाट पाहिली.

बाबाराव गेला त्या दिवशी राजदीप अर्ध्या भाकरीवर उठायला लागला. माझा जीव राहीना. मी तोंड उघडलं. तेवढ्यात दीपाने त्याच्या ताटात वांग्याची भाजी वाढत हळूच काहीतरी म्हटलं आणि तो हसला. बाबाराव गेल्यापासून पहिल्यांदा हसला. मी तोंड मिटलं.

पुढच्या रविवारी माझ्या बहिणीच्या नातवाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता आर्णीला. तिघं निघालो. गाडीपाशी गेल्यावर मी डोक्याला हात लावला.

“मले मांगं गरगरते. बसून बसून आतडे हालले माहे.”

“मंग तुम्ही समोर बसा ना आई,” दीपा लगेच म्हणाली आणि मागे जाऊन बसली. कुरकुर नाही, तोंड वाकडं नाही. तिने थोडं तोंड वाकडं केलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

तरी काय सांगू, कसं वाटलं! लेकाच्या शेजारी बसून मी त्याला कुणाच्या शेतातल्या पऱ्हाटीचं काय झालं, कुणाची पोरगी कुठे दिली, सगळं सांगत होते. तो “हो का व माय” म्हणत होता. करंजीच्या फाट्यावर चहाला थांबलो. मी दुसरा कपही घेतला, मुद्दाम, सावकाश; गाडी अडली की विचारायला त्याच्या शेजारी मीच होते.

परत येऊन चावी फिरवली. स्टार्टर फिरला. गाडी उठेना. राजदीपने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

“अहो, थांबा जरा,” मागून दीपा म्हणाली. “मघा गाडी बंद केली तवा इथं खाली गुळगुळ झालं. हापशीचा वायसर गेला का पाणी कसं उतरते, तसं.”

माझेच शब्द. माझ्या तोंडून न निघालेले.

राजदीपचं कपाळ वर आलं. “पंप,” तो पुटपुटला. “प्रेशर धरूनच नाही राह्यला तो.” त्याने चावी फिरवली, पण गाडी सुरू केली नाही, मोटर गूं करून थांबू दिली. चावी बंद. पुन्हा गूं. चार वेळा. चौथ्यांदा आवाज भरून आला. मग स्टार्टर मारला आणि गाडी एका झटक्यात उठली.

“दीपा! दोन महिने व! दोन महिने मी समोर शोधून राह्यलो!” तो पूर्ण मागे वळला होता. माझ्या वाट्याला त्याची मान आली, नुसती मान, घामाने चमकणारी.

मग त्याने सहजच विचारलं, “काव माय, दोन महिने तं तूच बसत होती मांगं. तुले नाही आला आवाज?”

संशय नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. मी रस्त्याकडे पाहिलं.

“मले कमी येते ऐकू आताशा.”

मग दीपाने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आई, सांगाचं नाही काय मंग?” ती म्हणाली. मोठ्याने.

दुसऱ्याच आठवड्यात राजदीपने पंप बदलला. गाडी आता कशीही तापली तरी उठते. बाबाराव परत आला नाही. बाकीचे दोघे आले. सुनेने आवाज धरून दुखणं काढलं, हे गावभर झालं.

आणि मी बहिरी झाले. शेजारपाजार माझ्याशी ओरडून बोलतो. ओसरीवर बायका माझ्याच देखत म्हणतात, “म्हातारीची जीभ लय चालते, बरं झालं कानं गेले.” एकेकीला जागेवर बसवेल असं उत्तर माझ्या जिभेवर येतं आणि मी तांदळातले खडे वेचत राहते. तोंडावरची रेघ हलू देत नाही. माझ्यासारखीला याहून मोठी सजा नाही.

संध्याकाळी राजदीप गॅरेजवरून येतो. पूर्वी तो दारातूनच ओरडायचा आणि आत जायचा. आता माझ्यापाशी थांबतो. गुडघ्यावर हात टेकून वाकतो, पेट्रोलचा वास येईल इतका जवळ.

“माय, जेवली काय व?”

ऐकू आलेलं असतं. मी उत्तर देत नाही, नुसती त्याच्याकडे पाहते. तो आणखी खाली वाकतो.