चौथ्या सिलिंडरातल्या अक्षता

मला राग लवकर येतो. माझी बायको मंजुळा हे सांगते, मुलगा जगन सांगतो, आणि संपाआधी ज्या मिलमध्ये मी फिटर होतो तिथला जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, तोही सांगायचा, म्हणून मी ते कबूल करून टाकलंय. पण खंडेनवमीच्या दिवशी दुपारी बारा वाजता, दुसऱ्याच्या टर्बो गाडीचं इंजिन उघडं पडलेलं असताना, त्याच्या चारही तोंडांत कुंकवाच्या अक्षता वाहिलेल्या दिसल्यावर कुणाचं डोकं थंड राहील, हे मला एकदा कुणीतरी सांगावं.

आधी गाडीचं सांगतो. गाडी मेबलची. मिलमधला माझा दोस्त कायतान, त्याची ही मुलगी, शीवला राहतात. संप फिसकटला, मिल बंद पडली, तेव्हा कायतान भायखळ्याला लेथवर लागला आणि मी काळाचौकीला आमच्याच चाळीच्या तळमजल्यावर गाळा घेऊन स्कूटरी आणि टॅक्सी दुरुस्त करायला लागलो. मेबल लोअर परळच्या एका ऑफिसात आहे. आम्ही ज्या खात्यात घामाचं बनियन पिळून काढायचो, त्याच जागेवर आता तिचं काचेचं ऑफिस आहे आणि तिथे ती स्वेटर घालून बसते. तिच्याकडे लाल रंगाची छोटी टर्बो गाडी आहे, आणि ती पळवायचा नाद आहे. दसऱ्याला दुपारी पनवेलच्या पलीकडे वेळ लावून गाड्या पळवायची स्पर्धा होती, त्यात तिने नाव दिलं होतं.

नवरात्र बसलं त्या रविवारी ती एक खोका घेऊन गाळ्यावर आली. आत चार भोकं पाडलेली काळी, जाड पट्टी.

"रघुकाका, ह्याला स्पेसर म्हणतात. बसवून द्याल?"

"करते काय ही?"

तिने नीट सांगितलं. इंजिनाचं डोकं तापतं. त्याला चिकटून हवा आत नेणारी चार नळ्यांची फणी असते, तीही तापते आणि तिच्यातली हवाही. दोघांच्या मध्ये ही पट्टी घातली की उष्णता अडते, हवा थंड राहते, गाडी दमात पळते. पट्टी हातात घेऊन पाहिली तर आपल्या जुन्या स्विचच्या बॅकेलाइटसारखीच लागली.

"फरक किती पडणार?"

"थोडासा."

"थोड्याशासाठी अख्खी फणी उतरवायची?"

"काका, मागच्या वर्षी मी थोडक्यातच हरले."

मी नाहीच म्हणणार होतो. खोटं कशाला बोलू, टर्बो गाडी मी कधी उघडली नव्हती. पण त्या दिवशी ठाण्याहून जगन आला होता. तो म्हणाला, "बाबा, नको हां. ह्या गाड्या म्हणजे कॉम्प्युटर असतात. तुमचं काम नाही हे. तुम्ही आता आराम करा. मी मोबाइलच्या कव्हरवाल्याशी बोललोय, तो गाळा भाड्याने घ्यायला तयार आहे."

मोबाइलची कव्हरं! ज्या गाळ्यावर मी तुला शिकवलं, तिथे प्लास्टिकची कव्हरं लटकणार! माझं डोकं सणकलं.

"दसऱ्याला सकाळी नऊला घेऊन ये तुझ्या कव्हरवाल्याला," मी म्हणालो. "तेव्हा ही गाडी पट्टी बसवून चालू दिसली नाही, तर किल्ली त्याच्या हातात देतो."

जगन म्हणाला, "आणि दिसली, तर मी हा विषय परत काढणार नाही."

गाळ्याची दुसरी किल्ली त्याने खुंटीवरून काढून खिशात टाकली. तो निघून गेला आणि मी बोनेट उघडून बघितलं. आत बोट घालायला जागा नव्हती.

पण यंत्र ते यंत्र. बॅटरीची वायर काढली, एकेक पाइप सोडवला, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी बांधली, आणि सप्तमीला फणी बाहेर आली. अष्टमीला कळलं की खोक्यातले बोल्ट आखूड आहेत. पट्टीच्या जाडीमुळे ते जेमतेम तीन आटे धरत होते. तीन आट्यांवर फणी बसवणं म्हणजे पुढच्या सिग्नलला ती हातात येणार. कायतानला फोन केला. तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नको रे, लेथवर लांब स्टड करून देतो. उद्या दुपारपर्यंत मिळतील."

उद्या नवमी. आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुसून पाटावर मांडतात, पूजा होते, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. मिलमध्येही हाच रिवाज होता. मागाचे साचे बंद, झेंडूच्या माळा, पेढे. कायतान ख्रिस्ती, पण तोही दर वर्षी आपले पाने आणून आमच्या पाटावर ठेवतो. म्हणजे काम दसऱ्याला पहाटेच करायचं. हरकत नव्हती. चार तास पुरेसे होते. फणी निघाल्यावर उघड्या पडलेल्या इंजिनाच्या चार तोंडांवर मी स्वच्छ मलमलचं फडकं बांधलं, सुताचा एक धागाही आत जायला नको म्हणून दोनदा तपासलं, आणि झोपलो.

नवमीला पूजा केली, नारळ फोडला. मग नाक्यावर आपट्याची पानं आणायला गेलो. तेवढ्या अर्ध्या तासात मंजुळाने घात केला.

परत आलो तर मलमलचं फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं. बोनेटला झेंडूची माळ, चारही तोंडांत कुंकवाच्या अक्षता. आणि मंजुळा हात जोडून उभी.

"हे काय केलंस?"

"इंजिन राहिलं होतं पूजेचं," ती म्हणाली. "आणि फडकं काढलं. देवासमोर कोण तोंड झाकून बसतं?"

मग मी काय काय बोललो ते लिहीत नाही. वरच्या मजल्यावरची रखमा गॅलरीतून वाकून बघायला लागली, एवढं सांगितलं की पुरे. मंजुळाने तोवर ताटातलं निरांजन सारखं केलं. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं बोलून? आता सांगा, एवढ्याशा तांदळानं काय होतं?"

मी सांगितलं. वॉल्व्ह बंद असेल तर दाणा तोंडातच अडकतो. उघडा असेल तर खाली सिलिंडरमध्ये जातो. मग गाडी सुरू केली आणि एक ओला दाणा वॉल्व्हच्या फटीत चिकटला, की वॉल्व्ह नीट बसत नाही, इंजिन लंगडायला लागतं, आणि वर कव्हरवाला हसतो. शेवटचं वाक्य मी दोनदा बोललो. तेव्हा तिला समजलं की मला राग आलेला नाही, मी घाबरलोय.

तेवढ्यात कायतान स्टड घेऊन आला. त्याने आत बॅटरी मारून पाहिली आणि हसत सुटला. "रघू, मिलमध्ये तीस वर्षं काढली असती तरी असा बिघाड बघायला मिळाला नसता रे!"

"हसू नको. काढायचे कसे ते सांग."

उत्तर मंजुळाने दिलं. घरात जाऊन ती घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा आणि नव्या झाडूची हिरकूट घेऊन आली. "काच फुटली की बारीक तुकडे मी कणकेनेच टिपते. हे तर तांदूळ." हिरकुटीच्या टोकाला तिने वाटाण्याएवढी कणीक घट्ट दाबली, तेलाचं बोट लावलं, आणि पहिल्या तोंडात घातली. दाणा चिकटून वर आला. मग दुसरा. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तुमची बोटं जाड आहेत. सरका."

पहिल्या तोंडातून बारा दाणे निघाले. दुसऱ्यातून अकरा. तिसऱ्यातून बारा. चौथ्यातून निघाले चारच.

"चौथ्यात कमी वाहिल्या असशील," कायतान म्हणाला.

"माझी चिमूट खोटी नाही," मंजुळा म्हणाली. "खानावळीत गोदीतल्या चाळीस माणसांच्या आमटीत चिमटीने मीठ घातलंय मी." तिने ताटलीत चार वेळा चिमूट सोडून दाखवली. बारा, अकरा, बारा, बारा. मी बॅटरी मारून पाहिलं. चौथ्याचा वॉल्व्ह उघडा होता. सात-आठ दाणे खाली, सिलिंडरच्या पोटात.

आता ते काढायचे तर वरचा प्लग खोलायला हवा. प्लग खोलायला पाना हवा. आणि सगळे पाने पाटावर, फुलाखाली.

"तुझे?" मी कायतानला विचारलं.

"माझे पण तिथेच. सकाळी मीच ठेवून गेलो ना!"

"पहाटे करू," मी म्हणालो.

"पहाटेपर्यंत तांदूळ ओले होऊन फुगतील," मंजुळा म्हणाली. "मग कणकेला येणार नाहीत."

आम्ही तिघेही पाटाकडे बघत राहिलो. माझे पाने, कायतानचे पाने, आणि कडेला मंजुळाचं लाटणं. ते लाटणं तिथे कसं आलं हे सांगायला हवं. संपाच्या वर्षी माझी हत्यारं मिलच्या पेटीत आत, आणि आम्ही गेटच्या बाहेर. नवमी आली आणि पाट रिकामा. मंजुळाने त्याच पावसाळ्यात खानावळ सुरू केली होती. तिने लाटणं धुऊन पाटावर ठेवलं आणि म्हणाली, ह्या वर्षी ह्याला हात जोडा, हेच घर चालवतंय. मी चोवीस वर्षांचा, फिटर, अंगात मस्ती. लाटण्याला हात जोडू? मी तसाच गेटवरच्या सभेला निघून गेलो. तेव्हापासून लाटणं दर वर्षी पाटावर असतं, आणि मी दर वर्षी माझ्या पान्यांसमोर हात जोडतो. ती कधी काही बोलली नाही.

मंजुळा उठली. पाटासमोर बसली. नमस्कार केला आणि फुलाखालून प्लगचा पाना उचलला. सदतीस वर्षं जिने मला नवमीला साधा स्क्रू पिळू दिला नाही, ती.

"अगो, काय करतेस?"

"चूक माझी, दोष मला लागू दे," ती म्हणाली. "एका वर्षी हत्यारं असून हाताला मिळाली नव्हती. तेव्हा तुमचं तोंड मी बघितलंय. आज परत तसं बघायचं नाही मला. घ्या."

मला रडू आलं. मी पाना घेतला आणि प्लग खोलला. मंजुळाने पदर खोचला, हिरकूट आत सोडली, डोळा बारीक केला आणि एकेक दाणा वर आणायला लागली. मी बॅटरी धरून होतो, कायतान मोजत होता. पाच. सहा. सात. आठव्याला वीस मिनिटं लागली. तो निघाला तेव्हा कायतानने आपल्या सवयीने क्रूस केला आणि मंजुळाने देवाला हात जोडले. मी प्लग परत बसवला, पाना पुसून तिने होता तिथे ठेवला आणि फूल सारखं केलं.

दसऱ्याला पहाटे पाच वाजता पूजा उचलली आणि कायतान व मी कामाला लागलो. गास्केट, पट्टी, गास्केट, फणी. मधले नट आधी, मग बाहेरचे, तीन फेऱ्यांत थोडं थोडं आवळत. साडेआठला मेबल आली. नऊला जगन आला, सोबत कव्हरवाला, त्याच्या हातात मोजायची टेप. आल्या आल्या तो भिंत मोजायला लागला.

"मेबल, मार किल्ली," मी म्हणालो.

इंजिन दोनदा घुरघुरलं आणि गप्प झालं. टेपचा आवाजही थांबला. जगन माझ्याकडे बघेना. तिसऱ्यांदा किल्ली फिरली, आणि इंजिन सुरू झालं. लंगडणं नाही, खोकणं नाही, एकसारखं. मी उदबत्ती पेटवून पट्टीच्या कडेने फिरवली. कुठूनही हवा शिरत असती तर धूर तिकडे ओढला गेला असता. धूर सरळ वर गेला. कायतानने शिट्टी मारली.

मेबलने मला मिठी मारली, आपट्याचं पान घेतलं आणि निघाली. दुपारी तिचा फोन आला. "काका, तिसरी आले! चौथीपेक्षा थोडक्यात पुढे!"

गाडी गेल्यावर कव्हरवाल्याने टेप गुंडाळली, सोनं घेतलं आणि गेला. माणूस समजूतदार होता. जगनने खिशातून किल्ली काढून खुंटीवर परत अडकवली.

"बाबा, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "एकट्याने टर्बो उघडलीत."

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. कायतान काही बोलणार नव्हता, मंजुळा तर नाहीच. पण माझ्याने राहवेना.

"मला मानू नको," मी म्हणालो. "चौथ्या सिलिंडरात अक्षता पडल्या होत्या. तुझ्या आईने काढल्या. तिचा हात नसता, तर ही किल्ली आज त्या कव्हरवाल्याच्या खिशात असती."

"अक्षता?" जगन म्हणाला. "इंजिनात?"

ते समजावायचं काम मी कायतानवर सोडलं. पाट अजून तिथेच होता. पाने मी पहाटेच उचलले होते, त्यावर आता एकटं लाटणं होतं. मी त्याच्यासमोर बसलो. गुडघे वाजले. हात जोडले आणि डोकं पाटाला टेकवलं.

"चुकलो गो," मी म्हणालो. "त्या वर्षीच करायला हवं होतं."

मंजुळाने पदराने डोळे पुसले. मग तिने हात पुढे केला.

"झाला ना नमस्कार? मग द्या ते इकडे. पुऱ्या लाटायच्यात, कायतान जेवायला आहे."