येमायाच्या गाण्याचे उत्तर

दोन हजार सहा सालच्या मे महिन्यात गुरुनाथ वैशंपायन सपत्नीक लेकीकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आले, तेव्हा त्यांना सदुसष्टावे वर्ष लागले होते, आणि त्यांतली एकोणसाठ वर्षे वेदपठणात गेली होती. सांगलीकडच्या एका पाठशाळेत आठव्या वर्षी त्यांनी गुरूसमोर मांडी घातली. पुढे त्याच पाठशाळेत त्यांच्यासमोर मुलांच्या पिढ्यांनी घातली. शिकण्याची रीत एकच: गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने तेच दोनदा म्हणायचे. याला संथा म्हणतात. शब्द हलता कामा नये, स्वर ढळता कामा नये. गुरूच्या मुखातून जे आले ते जसेच्या तसे परत करणे, यापरते शिष्याला कर्तव्य नाही. या कर्तव्यात गुरुनाथशास्त्री आयुष्यात कधी चुकले नव्हते, आणि मनातल्या मनात त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता.

त्यांची लेक ज्ञानदा दिवसभर संगणकापुढे बसून बसून पाठदुखीने हैराण झाली होती. म्हणून दर बुधवारी संध्याकाळी ती गावच्या सार्वजनिक सभागृहात नृत्याच्या वर्गाला जाई. नृत्य क्यूबा बेटावरचे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आपली दैवते, ढोल आणि गाणी उराशी धरून त्या बेटावर जतन केली, त्या परंपरेतले. शिकवणाऱ्या बाईंचे नाव मिलाग्रोस. सत्तरी गाठलेल्या, उंचनिंच, काळ्या मखमलीसारख्या सावळ्या. मतान्सास नावाच्या बंदरगावात जन्मलेल्या आणि चाळीस वर्षांपूर्वी शिकागोत येऊन राहिलेल्या. सोबत त्यांचा भाचा लाझारो ढोल वाजवी.

जूनमधल्या एका बुधवारी वर्ग आटोपून वाणसामान आणायला जायचे होते, म्हणून ज्ञानदाने आईवडिलांनाही गाडीत घेतले. भिंतीलगत घडीच्या दोन खुर्च्या मांडून त्यांना बसवले. लाझारो आणि त्याचे दोन सोबती मांडीवर आडवे ढोल घेऊन बसले होते. दोन्ही तोंडांना चामडे, मध्ये कंबर बारीक. सगळ्यांत मोठ्या ढोलाचे नाव इया, म्हणजे आई. मिलाग्रोसबाईंनी डोळे मिटले आणि एक ओळ म्हटली. पंधरा-सोळा कंठांनी ती जशीच्या तशी परत केली.

शास्त्रीबुवा खुर्चीत सरसावून बसले. ही तर संथा.

वर्ग सुटल्यावर त्यांनी ज्ञानदाला दुभाषी करून बाईंना विचारले, या शब्दांचा अर्थ काय? बाई म्हणाल्या की गाणे येमायाचे, समुद्राच्या देवीचे. काही शब्दांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. काहींचा आजीलाही ठाऊक नव्हता. तिला तिच्या आजीने दिले, तिने मला दिले. अर्थ वाटेत कुठे पाण्यात पडला असेल, ध्वनी मात्र पडू दिला नाही. हे ऐकून शास्त्रीबुवांनी हात जोडले. असे जतन करणारी माणसे त्यांनी जन्मभर पाहिली होती. पण ती सगळी आपल्याच गावची, असे त्यांना आजवर वाटत आले होते.

वाणसामानाच्या दुकानात ते मुलीला म्हणाले, "पुढच्या बुधवारी माझंही नाव घाल."

ज्ञानदा म्हणाली, "बाबा, तो डान्स आहे. नुसतं बसून म्हणायचं नाहीये. नाचावं लागतं, सगळ्यांना."

शोभाताई, म्हणजे शास्त्रीबुवांच्या पत्नी, कोथिंबिरीची जुडी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घाल गं नाव. लग्नाच्या वरातीत तेवढे नाचायचे राहिलेत."

अशा रीतीने गुरुनाथशास्त्री नर्तक झाले. धोतराऐवजी ज्ञानदाने आणलेली सैल विजार आली. पायांची कथा मात्र अवघड होती. सहा दशके ताठ कण्याने बसलेला देह उभा राहिला तरी ताठच राही. येमायाच्या नृत्यात गुडघे सैल हवेत, कंबर हवी, पाठीतून लाट निघून खांद्यांत विरायला हवी. बाईंनी एकदा त्यांच्या पाठीवर पंजा ठेवून विचारले की समुद्र असा उभा राहतो का? शास्त्रीबुवांनी प्रामाणिकपणे नाही म्हटले, आणि पुन्हा तसेच उभे राहिले. डाव्या पायाची पाळी आली की उजवा पुढे जाई, आणि लाझारो इयावर एक खट्याळ थाप देऊन तेवढे सर्वांना कळवी. सारा वर्ग हसे, शास्त्रीबुवाही हसत. घरी येऊन ते स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून पावले घोटत, आणि शोभाताईंना भाजी परतायला वळसा घालून जावे लागे. इतका आनंद आपल्याला शेवटचा कधी झाला होता, ते त्यांना आठवेना.

गाण्यात मात्र ते निर्धास्त होते. एक ओळ एकदा ऐकली की त्यांच्या कंठात बसे. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी त्याच सभागृहात वर्गाचा कार्यक्रम ठरला होता, आणि त्यानंतर आठ दिवसांनी त्यांचे परतीचे विमान होते. नर्तक मध्यभागी नाचणार, आणि सहा निवडक कंठ ढोलांमागे उभे राहून, पायांची संथ लाट न मोडता, गाण्याचे उत्तर देणार. त्या सहांत आपण असणार, याविषयी शास्त्रीबुवांना तिळमात्र शंका नव्हती.

ऑगस्टमध्ये खरे शिक्षण सुरू झाले. बाईंनी ओळ म्हटली. समूहाने परत केली. मग बाईंनी दुसरीच ओळ म्हटली, चढी, वळणावळणाची. समूहाने पहिलीच म्हटली. शास्त्रीबुवांनी मात्र ती नवी ओळ काना-मात्रेसह खणखणीत आवाजात परत केली. शेजारची दोन माणसे बिचकून त्यांच्यामागे गेली, तिसऱ्याने मध्येच सोडून दिले, आणि गाणे कोसळले. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला शास्त्रीबुवा समूहाकडे किंचित करुणेने पाहू लागले, की या बिचाऱ्यांना गुरूचे एवढेही धरता येत नाही.

बाईंनी ढोल थांबवले. रागावल्या नाहीत. त्यांचे म्हणणे ज्ञानदाने शब्दशः भाषांतर करून सांगितले. एकदा उत्तर दिले की ते उत्तर तुमचे. मी कुठेही जाईन. देवीला हाक मारीन, तिला चिडवीन, रुसेन. तुम्ही माझ्यामागे यायचे नाही. तुम्ही जमीन आहात. जमीनच माझ्यामागे चालू लागली, तर मी परत येऊन पाय कुठे ठेवू?

शास्त्रीबुवांनी मान डोलावली. कळले होते, अगदी नीट कळले होते. आणि चौथ्या खेपेला बाईंनी ओळ बदलताच त्यांच्या कंठाने तीच ओळ परत केली. एकोणसाठ वर्षांची सवय त्यांना विचारून थोडीच वागत होती?

सप्टेंबरच्या तिसऱ्या बुधवारी बाईंनी सहा नावे वाचली. त्यांत गुरुनाथ नव्हते. त्यांनी नर्तकांच्या मागच्या रांगेत उभे राहावे, ओठ मिटून. दोन बुधवार उरले होते. तेवढ्यात उत्तर टिकले तर पाहू, असे बाई शेवटी म्हणाल्या.

पठणातून उठवले जाण्याचा हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. घरी आल्यावर ते न जेवता खिडकीपाशी बसले. शोभाताईंनी ताट झाकून ठेवले, समोर येऊन बसल्या आणि काय झाले ते सगळे पुन्हा सविस्तर सांगायला लावले. ऐकून झाल्यावर त्या हसू लागल्या.

"एवढंच? समोरचा सतरा बोलेल, आपण आपलं एकच धरून ठेवायचं? अहो, हे तर मी चव्वेचाळीस वर्षं करतेय. तुम्ही निरुक्तापासून नगरपालिकेपर्यंत काहीही बोलत असता, आणि मी म्हणते, पान वाढलंय. ढळलेय का कधी?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "नाही. ढळलेली नाहीस."

"मग उद्यापासून मी शिकवते. जेवायला चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी पाठशाळा भरली. देवीचे शब्द स्वयंपाकघरात चेष्टेसाठी वापरायचे नाहीत, ही शास्त्रीबुवांची अट शोभाताईंनी मान्य केली. चाल तीच, शब्द आपले. उत्तराची ओळ त्यांनीच ठरवून दिली: "तुझंच खरं गं, तुझंच खरं." बाकी काहीही म्हणायचे नाही. ज्ञानदाने जेवणाच्या टेबलावर ठेका धरला, शास्त्रीबुवांनी गुडघे सैल करून पावले टाकायला घेतली, आणि शोभाताई त्याच चालीत गाऊ लागल्या.

"दूध संपलंय हो फ्रिजमधलं."

"तुझंच खरं गं, तुझंच खरं."

"भाच्याच्या मुंजीत तुम्हीच रुसला होतात."

शास्त्रीबुवांचा चेहरा लाल झाला, पण ओळ टिकली. शोभाताईंनी एक पोळी उलटली, आवाज चढवला आणि अगदी देवीच्या आळवणीच्या सुरात म्हणाल्या, "गणपतीला दूर्वा वाहाव्या वीस."

"एकवीस!" शास्त्रीबुवा गरजले.

ज्ञानदा हसून हसून टेबलावर आडवी झाली. शोभाताई शांतपणे म्हणाल्या, "पहिल्यापासून."

असे रोज चालले. शोभाताईंच्या भात्यात बाण पुष्कळ. त्यांनी गाण्यातल्या गाण्यात एकादशीला कांदा घातला, संध्या मध्यरात्री करवली, सासरच्या माणसांची एकेक जुनी उणीदुणी चालीवर बसवली. आठवड्याभरात शास्त्रीबुवांना एक नवल जाणवू लागले. ओळ ओठांनी धरून ठेवली की सुटत होती; पावलांवर ठेवली की राहत होती. डावा पाय पडला की "तुझंच", उजवा पडला की "खरं". लाट जशी किनाऱ्याला दरवेळी तेच सांगते, तसे. आणि मग, आपण हलत नाही म्हणून समोरची किती मोकळी, किती सुंदर भटकते आहे, हे त्यांना प्रथमच ऐकू येऊ लागले. चव्वेचाळीस वर्षांत शोभाताई अशा गातात हे त्यांनी लक्ष देऊन ऐकलेच नव्हते. ते त्यांनी शोभाताईंना सांगितलेही. त्यावर, "तुझंच खरं गं, म्हणा फक्त," असे उत्तर मिळाले. पण त्या दिवशी पोळीवर तूप जरा जास्त होते.

शेवटच्या बुधवारी बाईंनी त्यांना ढोलांमागे उभे केले आणि गाणे सुरू केले. त्या चढल्या, उतरल्या, अगदी जवळ येऊन त्यांच्या तोंडावर गायल्या. उत्तर ढळले नाही. बाईंनी लाझारोकडे पाहिले, बोटांनी सात दाखवले. सहाचे सात झाले.

शनिवारी सभागृह भरले. ज्ञानदा निळ्या घेरदार झग्यात मध्यभागी नाचत होती. ती झग्याची कड उचलून फिरवी तेव्हा खरोखर फेस उसळल्यासारखा दिसे. शोभाताई पहिल्या रांगेत होत्या. गाणे उंचावत गेले, इया गंभीर बोलू लागली, आणि ऐन भरात मिलाग्रोसबाईंचा आवाज फाटला. त्यांना ठसका लागला. एक हात छातीवर ठेवून त्या मागे सरल्या आणि गप्प झाल्या.

पाठशाळेत गुरू थांबला की शिष्य थांबतो. तो नियम शास्त्रीबुवांच्या हाडांत होता. शेजारचे सहा कंठ क्षणभर अडखळले. ढोल एकाकी झाले. गुरूच्या मौनावर आवाज चढवणे म्हणजे केवढा प्रमाद, हा विचार त्यांच्या मनात आला. तो येईपर्यंत त्यांचा डावा पाय पडला होता, आणि पायावरची ओळ कंठातून बाहेर आली होती. ते एकटेच देवीला उत्तर देत होते. दुसऱ्या वेळेला सहा जण मिळाले. तिसऱ्या वेळेला ओळ सभागृहभर झाली. बाईंनी पाण्याचा घोट घेतला, डोळे पुसले, आणि त्या रुंद, न हललेल्या जमिनीवर पाय ठेवावा तसा आपला स्वर ठेवून पुन्हा वर गेल्या.

कार्यक्रम संपल्यावर बाई थेट त्यांच्याकडे आल्या. शास्त्रीबुवा वाकून नमस्कार करणार तोच त्यांनी खांदे धरून त्यांना उभे केले आणि ज्ञानदाला काहीतरी म्हणाल्या.

ज्ञानदा म्हणाली, "बाबा, त्या म्हणतात, मी परत आले तेव्हा तुम्ही तिथेच होतात. आणि म्हणतात, डावा पाय आज पहिल्यांदाच डावा होता."

"त्यांना सांग, विमान पुढच्या रविवारचं आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "बुधवारचा वर्ग मी बुडवणार नाही."

बुधवारी ते पाच मिनिटे आधीच हजर झाले. या खेपेस शोभाताई खुर्चीत बसल्या नाहीत. लुगड्यावरून ज्ञानदाचा निळा झगा चढवून त्या मागच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, नुसते बघून बघून पाय दुखायला लागलेत. लाझारोने इया मांडीवर घेतली, आणि मिलाग्रोसबाईंनी कोणालाच न येणारे एक नवे गाणे काढले.